सोसणाऱ्या त्वचेला आणखी किती ताण द्यायचा?

त्वचेला मुद्दाम थोडा त्रास द्यायचा आणि त्यातून सावरताना तिला पुन्हा तजेला येऊ द्यायचा, ही कल्पना सौंदर्यप्रसाधनांच्या बाजारात सध्या जोरात आहे. बारीक सुयांचे रोलर, आम्लाचे पील, उष्णतेचे उपचार, सगळे थोड्याफार फरकाने हेच सांगतात. कल्पना खोटी नाही. खोटी असती तर दुर्लक्ष करून चाललं असतं. तिच्यात तथ्य आहे म्हणूनच ती जपून वापरायला हवी, आणि सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूर-कोरेगावसारख्या भागात, जिथे बहुतेकांचा दिवस उन्हात किंवा जाळापुढे जातो, तिथे तर दुप्पट जपून. फायदा ताणात नसतो, ताणानंतर सावरायला मिळालेल्या वेळात असतो, आणि तो वेळ ज्या बाईला मिळतच नाही तिच्या चेहऱ्यावर आणखी ताण लादणं म्हणजे नुकसान करणं, हे मला इथे पटवून द्यायचं आहे.

आधी पुरावा पाहू. इटलीचे फेरुच्चो रितोसा यांनी 1962 मध्ये दाखवलं की फळमाशीच्या पेशींना उष्णतेचा झटका बसला की त्यांची काही जनुकं एकदम कामाला लागतात. पुढे कळलं की बिघडलेली प्रथिनं सावरणारी मदतनीस प्रथिनं त्यातून तयार होतात. डेन्मार्कमध्ये काम करणारे मूळचे भारतीय शास्त्रज्ञ सुरेश रत्तन यांनी हे ज्ञान माणसाच्या त्वचेपर्यंत आणलं. 1998 मध्ये त्यांनी मांडलेल्या प्रयोगात त्वचेच्या पेशींना 41 अंश सेल्सिअसला एक तास, आठवड्यातून दोनदा ठेवलं होतं. त्या पेशींमध्ये खराब प्रथिनं कमी साचली आणि म्हातारपणाच्या खुणा उशिरा दिसल्या. 2011 मध्ये त्यांच्याच गटाने हळदीतल्या कर्क्युमिनबद्दल असंच काही दाखवलं. अल्प मात्रेत कर्क्युमिन पेशीला किंचित डिवचतं, पेशी स्वतःचं संरक्षक विकर तयार करते आणि पुढचा मोठा आघात अधिक चांगला सोसते. सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा या संशोधनाचा अभिमान आपल्याला वाटणारच. पण त्यातले आकडे नीट वाचायला हवेत. ताण आठवड्यातून दोन तासांचा, बाकीचा सगळा वेळ विश्रांतीचा. आणि हे सारं काचेच्या बशीतल्या पेशींवर, जिथे ऊन नाही, धूळ नाही, घाम नाही.

आता त्याच उष्णतेची दुसरी बाजू. 41 अंशांना फायदा दिसला. साधारण 43 ते 47 अंशांची धग त्वचेला रोज बसत राहिली तर जाळीसारखे तपकिरी डाग उठतात. चुलीजवळ वर्षानुवर्षं बसणाऱ्या बायकांच्या नडग्यांवर ते डॉक्टरांना ओळखता येतात. काश्मीरमध्ये कपड्यांच्या आत निखाऱ्यांची कांगडी बाळगणाऱ्यांच्या पोटावर आणि मांड्यांवर होणाऱ्या कर्करोगाला तर कांगडीचंच नाव पडलं आहे. हितकारक आणि घातक यांच्यात एवढं थोडं अंतर आहे. हळद शिजवणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको: कमी शिजली तरी भाव पडतो आणि जास्त शिजली तरी रंग जातो. अक्षय्य तृतीयेच्या सुमाराला आल्याची लागण, मग पावसाळाभर भांगलण, हिवाळ्यात गुऱ्हाळाचं चुलाण. ज्या बाईचं वर्ष असं जातं तिच्या त्वचेला ताणाचा तुटवडा नाही. शिवाय वय वाढतं तसा पेशींचा हा प्रतिसादच मंदावतो. विशीतल्या त्वचेला जो ताण सौम्य, तोच पन्नाशीतल्या त्वचेला जड. सुरकुत्यांची काळजी मात्र पन्नाशीतच जास्त वाटते, ही खरी अडचण आहे.

यावर कुणी म्हणेल, आजीने आयुष्यभर हळद लावली, तिला काय झालं? काही झालं नसेल. हळदीत कर्क्युमिन थोडंच असतं, ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही आणि अखंड त्वचेतून आत फारसं जात नाही. म्हणजे लेपाचा धोका कमी, तसा प्रयोगशाळेतला लाभही त्यातून मिळेलच असं नाही. त्यात लिंबू पिळलं की गोष्ट बदलते. लिंबाच्या रसातली द्रव्यं उन्हाशी मिळून त्वचा भाजतात आणि मागे काळे डाग ठेवतात. सावळ्या त्वचेत दाहानंतर डाग राहण्याची प्रवृत्ती मुळातच जास्त असते, म्हणून गोऱ्या कातडीवर बेतलेली पीलची मात्रा आपल्याकडे तशीच उचलून चालत नाही. दुसरा आक्षेप असा की, पील आणि सुया त्वचारोगतज्ज्ञही वापरतात. वापरतात, आणि त्याचे फायदेही दिसतात. पण ते मात्रा ठरवतात, दोन बैठकांत काही आठवड्यांचं अंतर ठेवतात आणि उन्हापासून जपायला सांगतात. घरी रोज फिरवलेल्या रोलरला ही शिस्त नसते. तिसरा आक्षेप मला सर्वांत धोक्याचा वाटतो: आग झाली तर बंद करू. आग हा भरवशाचा इशारा नाही. स्टेरॉइडची क्रीम आग शमवते, चेहरा उजळ दाखवते आणि काही महिन्यांत त्वचा पातळ, लालसर करून सोडते. म्हणूनच 2018 मध्ये केंद्र सरकारने अशी 14 स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. काही क्रीममधला पाराही जळजळ न करता आत जातो. 2023 मध्ये अकोल्याच्या एका कुटुंबातल्या तीन स्त्रियांच्या मूत्रपिंडांना इजा झाल्याची बातमी आली. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या तपासणीत त्यांच्या क्रीममध्ये पारा सापडला होता.

मग करायचं काय? आधी ताण कमी करा. ऑस्ट्रेलियातल्या नॅम्बर गावात 903 प्रौढांवर झालेल्या आणि 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांची त्वचा साडेचार वर्षांत मर्जीप्रमाणे लावणाऱ्यांपेक्षा 24 टक्के कमी म्हातारी झाली. कोणत्याही ताणाच्या उपचारामागे माझ्या माहितीत इतका भक्कम पुरावा नाही. शेतात पूर्ण बाह्यांचा सदरा, डोक्यावरून पदर आणि रुंद काठाची टोपी हे सनस्क्रीनइतकंच मोलाचं. रेटिनॉल किंवा सौम्य आम्ल वापरायचंच असेल तर एका वेळी एकच, रात्री, आठवड्यातून दोनदा, आणि आधी काही दिवस कोपराच्या आतल्या बाजूला लावून पाहून. लाली दुसऱ्या दिवशीही राहिली तर ते त्या त्वचेला जास्त झालं, असं समजून थांबा. गरोदरपणात रेटिनॉल नकोच. लागणीच्या आणि सुगीच्या दिवसांत, जेव्हा रोजच उन्हात जावं लागतं, तेव्हा पील आणि सुया पूर्ण बाजूला ठेवा. आणि ज्या डबीवर घटक, उत्पादक आणि बॅच क्रमांक छापलेला नाही, ती कुणीही दिली तरी घेऊ नका. आधीच अशी क्रीम लावत असाल तर घाबरून लपवू नका. डबी सोबत घेऊन साताऱ्याच्या किंवा मिरजेच्या शासकीय रुग्णालयातल्या त्वचा विभागात दाखवा.