पाटाचं पाणी आणि मन : परिपाठानंतरची पाच मिनिटे



बारामती-इंदापूरच्या मुलांना दारं धरणं शिकवावं लागत नाही. नीरा डाव्या कालव्याचं पाणी सुटलं की रात्री बापाबरोबर बॅटरी घेऊन उसात जाणारी पोरं आपल्याच वर्गात असतात. म्हणून धम्मपदातल्या ४२३ गाथांपैकी सुरुवात पंडितवग्गातल्या ८० व्या गाथेने करावी, असं मला वाटतं. पाटाचं पाणी वळवणारा माणूस आणि स्वतःला वळण लावणारा शहाणा माणूस, असा तिचा आशय आहे.

वर्गात विचारलं, "सरी फुटली तर पाण्याला शिव्या देता का?" एकजण म्हणाला, "नाय सर, खोरं घ्यायचं आन् माती लावायची." ध्यानात नेमकं हेच करायचं असतं. मन श्वासावरून फुटून डब्याकडं, भांडणाकडं गेलं की स्वतःवर चिडायचं नाही, परत आणायचं.

पद्धत साधी ठेवा. आठवडाभर एकच गाथा, तीही आपल्या बोलीत, दोन वाक्यांत. मग ती बाजूला ठेवायची आणि पाच मिनिटं नाकाशी येणारा-जाणारा श्वास फक्त पाहायचा. हे वेगळेपण महत्त्वाचं आहे. सत्यनारायण गोएंका गुरुजींच्या परंपरेतल्या आनापानात श्वासाला शब्द, जप किंवा चित्र जोडत नाहीत. शासनाने २०१२ मध्ये शाळांसाठी आणलेल्या 'मित्र' उपक्रमातही हेच आनापान आहे. तेव्हा विचार आधी, श्वास नंतर. दोन्हीची खिचडी नको.

पुढच्या आठवड्यांसाठी चित्तवग्गातली पाण्याबाहेर तडफडणाऱ्या माशाची गाथा घ्या (भिगवणचा मासळी बाजार पाहिलेल्या पोरांना ती समजवावी लागत नाही). मग थेंबाथेंबाने भरणाऱ्या घड्याची. ठिबकवाल्या घरातली मुलं लगेच हसतात.

आता पालकांचा नेहमीचा प्रश्न, "सर, हा धर्म शिकवताय का?" प्रश्न रास्त आहे, टाळू नका. वर्गात मूर्ती नाही, वंदना नाही, हात जोडणं नाही. ज्याला नको त्याने शांत बसून चित्र काढावं. पण दुसरी बाजूही बघा. ज्या घरात रोज त्रिशरण-पंचशील म्हटलं जातं, त्या मुलाकडं बोट दाखवून "हे तुमचं ना?" असं कोणी म्हटलं, तर ते लेकरू अंग चोरतं. असं झालं की त्या दिवशी ध्यान राहू द्या, आधी त्यावर बोला.

निकालाची घाई नको. मार्क वाढतील असं कुणाला सांगू नका. भांडण झाल्यावर मूल हात उगारण्याआधी एक श्वास थांबलं का, एवढंच टिपून ठेवा.

आणि एक. हंगामात ऊसतोड मजुरांची मुलं वर्गात येतात. त्यांचे आईबाप पहाटेच फडात गेलेले असतात आणि धाकटं भावंडं सांभाळून ती शाळेत पोचतात. डोळे मिटले की ती झोपतात. त्यांना उठवू नका.