करवंटीची चाळणी

खोबऱ्याच्या गिरण्यांतील टाकाऊ करवंट्या हवेतून नायट्रोजन वेगळा करतात, हे तुम्हांस ठाऊक आहे काय?

करवंटी हवेशिवाय तापवली की कोळसा उरतो. त्यावर सुमारे ९००° से. तापमानाला वाफ सोडली की थोडा कार्बन वायुरूपाने निघून जातो आणि असंख्य सूक्ष्म छिद्रे पडतात. अशा १ ग्रॅम सक्रियित कोळशाचा पृष्ठभाग सुमारे १,००० चौ. मी. भरतो! त्यावर वायूचे रेणू चिकटतात, हेच पृष्ठशोषण.

छिद्रांची तोंडे आणखी अरुंद करून दाबाखाली हवा सोडली, तर ऑक्सिजनचा किंचित लहान रेणू चटकन आत शिरतो. नायट्रोजन पुढे निघून जातो. हा नायट्रोजन ज्वालाग्राही द्रवांच्या टाक्यांत भरल्याने आगीचा धोका कमी होतो. दाब उतरवताच कोळशातील ऑक्सिजन सुटतो.

दाब उतरवलाच नाही तर काय होईल? विचार करा.