पाचटाला काडी लावण्यापूर्वी



ऊस तुटून गेला की दुसऱ्या दिवशी फडातून धूर निघतो. शेती खात्याची माणसे शिवारात फिरतात तेव्हा आम्ही विचारतो, "का हो पेटवलं?" उत्तर ठरलेले: "रान मोकळं होतंय."

रान मोकळे होते, आणि खिसाही. एकरी तीन ते चार टन पाचट निघते. त्यातले नत्र नि सेंद्रिय द्रव्य धुरात जाते, आणि मग तेच आपण उधारीवर पोत्यातून आणतो. एक-दोन एकरवाल्याला हे परवडणारे नाही. खोडव्यात नांगरट नाही, बेणे नाही, लागणीची मजुरी नाही. उसाचा खर्च कमी करायची खरी जागा हीच आहे.

पाचट सरीत दाबावे, बुडखे उघडे ठेवावेत. तोडकऱ्यांनी बुडखे उंच ठेवले असतील तर कोयत्याने जमिनीलगत छाटून घ्या. हे काम टाळू नका, कारण वरच्या डोळ्यांतून येणारा फुटवा कमजोर असतो. पाचटावर एकरी ३२ किलो युरिया, ४० किलो सुपर फॉस्फेट व ४ किलो पाचट कुजविणारे जिवाणू शेणखतात मिसळून टाकावे आणि पाणी द्यावे. पहिले पाणी सरीतून रेंगाळत जाते, ही तक्रार खरी आहे. पुढे मात्र ओल टिकते, दोन पाण्यांतले अंतर वाढते आणि खुरपणीची बाई फारशी लावावी लागत नाही.

खत फेकू नये, पहारीने द्यावे. वाफसा आल्यावर, तोडणीनंतर पंधरा दिवसांत, बुडख्यापासून अर्ध्या फुटावर वीतभर खोल भोक घ्यावे. दोन भोकांत एक फूट अंतर. दुसरा हप्ता १३० ते १३५ दिवसांनी, सरीच्या दुसऱ्या अंगाला. पहार घरचीच असते, दोन माणसे पुरतात. खत मुळाशी मातीआड जाते, तणाला मिळत नाही.

नांगे मात्र वेळेत भरा. पिशवीतली रोपे आधीच करून ठेवलीत तर बरे; टिपरी लावून मागाहून आलेला ऊस सावलीत दबून जातो. फारच विरळ फड असेल, किंवा ऊस १५ फेब्रुवारीनंतर तुटला असेल, तर खोडव्याचा मोह धरू नये. तिथे मोडणेच स्वस्त पडते.

यंदा सगळ्या रानात नको, चार सऱ्यांत तरी पाचट ठेवून पाहा. बाजूच्या सऱ्यांना किती पाणी लागले, किती मजुरी गेली ते वहीत लिहा आणि वही गट कार्यालयात घेऊन या.

— शेती विभाग