असीरगड : इतिहास किती, आख्यायिका किती?



'आपला परिसर' या पाठमालेसाठी या वेळी आम्ही असीरगड निवडला आहे. लोधीपुऱ्यातून निघून खंडव्याच्या रस्त्याला लागले की सुमारे २० किलोमीटरवर हा किल्ला दिसतो. तुमच्यापैकी बहुतेकांनी तो निदान बसच्या खिडकीतून तरी पाहिलेला आहे. पण या किल्ल्याबद्दल काय माहीत आहे, असे विचारले की पहिले उत्तर ठरलेले असते : "तिथे अश्वत्थामा येतो." दुसरे उत्तर सहसा येत नाही.

अश्वत्थाम्याची कथा सोडून द्या, असे आमचे म्हणणे नाही. मात्र एका कथेच्या आड खरोखर होऊन गेलेली माणसे झाकली जाऊ नयेत. म्हणून या पाठात आपण प्रत्येक गोष्टीला तीन प्रश्न विचारू. ही गोष्ट कोणी सांगितली? घडल्यानंतर किती वर्षांनी सांगितली? तिला दुसरा पुरावा आहे का?

किल्ला इथेच का?

सातपुड्याच्या रांगेत नर्मदेच्या खोऱ्यातून तापीच्या खोऱ्यात उतरायला इथे एक खिंड आहे. उत्तरेकडून दक्षिणेत जाणारी सैन्ये आणि व्यापारी तांडे याच वाटेने जात. आजची खंडवा-भुसावळ रेल्वेही याच खिंडीतून येते. या वाटेवर नजर ठेवणारा डोंगर म्हणजे असीरगड. तो पायथ्यापासून सुमारे २६० मीटर आणि समुद्रसपाटीपासून जवळजवळ ७०० मीटर उंच आहे. मलयगड, कमरगड आणि सर्वांत वर असीरगड असे त्याचे तीन भाग आहेत. माथ्यावर पाण्याची तळी असल्याने वेढा पडला तरी शिबंदी बराच काळ तग धरू शके. म्हणूनच त्याला 'दख्खनचा दरवाजा' म्हणत.

आसा अहीर आणि डोल्यांची गोष्ट

असीरगड हे नाव आसा अहीर या गवळी सरदारावरून पडले, असे सांगतात. त्याच्याकडे हजारो गाई-म्हशी होत्या. दुष्काळात त्याने आपली धान्याची कोठारे लोकांसाठी उघडली. पुढे इ. स. १४०० च्या सुमारास खानदेशचा फारुकी सुलतान नसीर खान याने त्याला कळवले, "शत्रू मागे लागले आहेत, माझ्या बायकामुलांना गडावर आसरा द्या." आसाने होकार दिला. पहिल्या दिवशी डोल्यांतून खरोखरच स्त्रिया आल्या. दुसऱ्या दिवशी आलेल्या डोल्यांत मात्र हत्यारबंद सैनिक होते. स्वागताला पुढे आलेला आसा आणि त्याचे मुलगे मारले गेले व गड नसीर खानाच्या हाती पडला. याच नसीर खानाने तापीकाठी आपले शहर वसवले आणि सूफी संत बुऱ्हाणुद्दीन गरीब यांच्या नावावरून त्याला बुऱ्हाणपूर हे नाव दिले.

आता आपले तीन प्रश्न विचारू. ही हकीकत लिहिली विजापूरच्या दरबारातील इतिहासकार फिरिश्ता याने, सतराव्या शतकाच्या आरंभी. म्हणजे घटनेनंतर सुमारे दोनशे वर्षांनी. शिवाय डोल्यांत सैनिक लपवण्याची गोष्ट इतरत्रही भेटते. चितोडच्या पद्मिनीच्या कथेत ती आहे. शेरशाहाने रोहतासगड घेतल्याच्या कथेतही ती आहे आणि शेरशाहाचा चरित्रकार अब्बास खान सरवानी याने तर ती चक्क खोटी ठरवली आहे. अशी फिरती गोष्ट आपल्याही गडाला चिकटली असणे शक्य आहे. नसीर खानाने गड घेतला, हे मात्र इतिहासाला धरून आहे.

दूर जर्मनीतही असेच घडलेले दिसते. ऱ्हाइन नदीत बिंगेन गावाजवळ 'उंदरांचा मनोरा' आहे. दुष्काळात गरिबांना धान्य न देता जाळून मारणाऱ्या हाट्टो नावाच्या बिशपला तिथे उंदरांनी खाल्ले, अशी कथा आहे. पण हाट्टो दहाव्या शतकातला आणि आजचा मनोरा चौदाव्या शतकातला, नदीवरचा जकातीचा मनोरा! जकातीला तिकडे 'माउट' म्हणत आणि उंदरांना 'मॉइझे'. नावाच्या सारखेपणातून ही कथा निघाली असावी, असे अभ्यासक मानतात. तरीही एक गोष्ट लक्षात घ्या. तिकडे कोठार बंद ठेवणाऱ्याला उंदरांनी खाल्ले आणि इकडे कोठार उघडणाऱ्याचे नाव गडाला मिळाले. दुष्काळात धान्य असणाऱ्याने कसे वागावे, हे दोन्हीकडच्या लोकांनी कथेतून सांगून ठेवले. आख्यायिकेचा उपयोग असतो तो असा.

अकबराचा वेढा

इ. स. १६०० मध्ये अकबर स्वतः बुऱ्हाणपुरास आला. शेवटचा फारुकी सुलतान बहादूर गडावर होता. डिसेंबरात तो अकबराच्या छावणीत आला व तिथेच अडकला. जानेवारी १६०१ मध्ये गडही पडला. कसा पडला, याबद्दल त्याच काळातील दोन हकिकती आहेत. दरबारी फारसी लेखक गडावरील रोगराईचे कारण देतात. छावणीत असलेल्या जेझुइट पाद्ऱ्यांच्या पत्रांवरून लिहिलेली हकीकत सांगते की, बहादूरला वचन मोडून अडकवले आणि गडावरच्या सरदारांना सोने देऊन दरवाजे उघडले. म्हणजे समकालीन साक्षीदारही एकच गोष्ट सांगत नाहीत. दोन्ही वाचून तोलणे हे अभ्यासकाचे काम.

गड पडला याला मात्र भक्कम पुरावे आहेत. असीरच्या टांकसाळीचे नाव असलेली, ससाण्याचे चित्र कोरलेली अकबराची सोन्याची मोहर आजही पाहायला मिळते. फत्तेपूर सिक्रीच्या बुलंद दरवाजावरील लेखातही या विजयाचा उल्लेख आहे.

गडावरची जामा मशीद बहादूरचा पिता राजा अली खान याने बांधली. आपल्या शहरातली जामा मशीदही त्याचीच. तिच्यात अरबीबरोबर संस्कृत शिलालेख आहे आणि त्यात फारुकी राजांची वंशावळ दिली आहे. हा पुरावा आपल्या घरापासून चालत जाण्याइतका जवळ आहे.

मराठ्यांचा असीरगड

१७६० साली उदगीरच्या लढाईत सदाशिवरावभाऊंनी निजामाचा पराभव केला. त्या तहात बुऱ्हाणपूर व असीरगड मराठ्यांकडे आले. पुढे गड शिंद्यांच्या ताब्यात गेला. ऑक्टोबर १८०३ मध्ये तो इंग्रजांनी घेतला, पण त्याच वर्षीच्या सुर्जी-अंजनगावच्या तहाने दौलतराव शिंद्यांना परत मिळाला.

३ जून १८१८ रोजी दुसरे बाजीराव पेशवे जॉन माल्कमच्या स्वाधीन झाले ते असीरगडाजवळच्या धूलकोट येथे. पेशवाईचा शेवट पुण्यात नव्हे, आपल्या अंगणात झाला! नागपूरचे आप्पासाहेब भोसले इंग्रजांच्या कैदेतून निसटून असीरगडाच्या आसऱ्याला आले. त्यामुळे मार्च १८१९ मध्ये इंग्रजांनी गडाला वेढा घातला. किल्लेदार यशवंतराव लाड यांनी तोफांच्या माऱ्यात गड झुंजवला आणि ९ एप्रिल रोजी तो खाली ठेवला. इंग्रज आत आले तेव्हा आप्पासाहेब तिथे नव्हते. त्यांचे निधन पुढे १८४० साली जोधपुरास झाले. तिसऱ्या इंग्रज-मराठा युद्धातली ही शेवटची मोठी लढाई होती.

गडावरचा कैदी

ओडिशातील संबळपूरचे वीर सुरेंद्र साय यांनी इंग्रजांविरुद्ध दीर्घ लढा दिला. १८४० ते १८५७ ते हजारीबागच्या तुरुंगात होते. १८६४ मध्ये पुन्हा पकडले गेल्यावर त्यांना शेवटी असीरगडावर ठेवले आणि १८८४ साली तिथेच त्यांचे देहावसान झाले. झारसुगुडाच्या विमानतळाला आज त्यांचे नाव आहे. ज्या गडावर त्यांनी अखेरचा श्वास घेतला, त्याच्या पायथ्याशी राहणाऱ्या आपल्याला ते नाव माहीत असायलाच हवे.

आणि अश्वत्थामा?

गडावरील महादेवाच्या मंदिरात अश्वत्थामा रोज पहाटे पूजा करून जातो आणि पिंडीवर ताजे फूल दिसते, अशी श्रद्धा आहे. कपाळावरच्या जखमेसाठी तो तेल मागत फिरतो, असेही सांगतात. हीच श्रद्धा सातपुड्यात दुसरीकडेही आहे. नंदुरबार जिल्ह्यातील अस्तंबा शिखरावर दिवाळीत अश्वत्थाम्याची यात्रा भरते. आपल्या काही मराठी घरांत अभ्यंगस्नानाच्या वेळी तेलाचे पहिले थेंब त्याच्या नावाने जमिनीवर सोडतात. झोपलेल्या लेकरांना मारणाऱ्याला मरणही मिळत नाही, ही त्या कथेतली शिकवण. आणि अशा दुःखी जिवालाही तेल द्यावे, ही आपल्या आज्यांची माया. ही कथा इतिहासाच्या वहीत लिहू नका, पण विसरूही नका. ती वेगळ्या वहीत लिहा.

गडावर जाल तेव्हा एवढे पाळा. तो संरक्षित स्मारक आहे. दगडावर कोरलेली जुनी अक्षरे हाच आपला पुरावा. त्यांवर स्वतःचे नाव कोरणारा माणूस पुस्तकाचे पान फाडणाऱ्यासारखाच असतो.

स्वाध्याय

१. आसा अहीराच्या गोष्टीतील कोणता भाग इतिहास व कोणता आख्यायिका वाटतो? कारण द्या.
२. १७६०, १८०३, १८१८ आणि १८१९ या सालांत असीरगड परिसरात काय घडले, ते क्रमाने लिहा.
३. 'लोधीपुरा' हे नाव कसे पडले, हे घरातील तीन वडीलधाऱ्यांना वेगवेगळे विचारा. प्रत्येकाचे उत्तर जसेच्या तसे लिहा आणि त्यांना आपले तीन प्रश्न लावून पाहा.