लिथियम बॅटरीचें चार्जिंग व फ्यूजची निवड

मुंबई-गोवा महामार्गापासून अलिबागची वाट जेथें फुटते, त्या वडखळच्या आसपास धरमतर खाडीच्या कांठीं भातशेती मोठी आहे. तेथील शेतकरी बंधूंच्या घरीं आतां फवारणीचा पंप, खळ्यावरील दिवा व सौर पट्टीचा साठा यांकरितां लिथियम-आयन बॅटरी येऊं लागली आहे. शिशाच्या बॅटरीहून ती हलकी व टिकाऊ खरी. पण शिशाची बॅटरी थोडें जादा चार्जिंग सोसते, तसें ही सोसत नाहीं. १९९१ सालीं ती बाजारांत आली, आणि तिच्या शोधाबद्दल गुडइनफ, व्हिटिंगहॅम व योशिनो या तिघां शास्त्रज्ञांस २०१९ चें नोबेल पारितोषिक मिळालें. मात्र मार्च २०२२ मध्यें पुण्यांत रस्त्याकडेला उभी असलेली विजेची स्कूटर पेटल्याचें वाचकांस आठवत असेल. अशा घटनांनंतर सरकारनें वाहनांच्या बॅटरीचे नियम डिसेंबर २०२२ व मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांनीं कडक केले. परंतु शेतकरी गोठ्यांत, पेंढ्याच्या उडवीजवळ जी बॅटरी स्वतः जोडतो, ती तपासावयास कोणी येत नाहीं. तेथें आपणच जाणतें असलें पाहिजे.

प्रथम कोणता राखणदार कशाची राखण करतो हें समजून घ्यावें. चार्जर आधीं ठराविक प्रवाह देतो व दाब मर्यादेस पोंचल्यावर प्रवाह हळूहळू कमी करतो. ही मर्यादा नेहमींच्या लिथियम घटास ४.२ व्होल्ट, तर लोह-फॉस्फेट जातीच्या घटास ३.६५ व्होल्ट असते. दुसरा राखणदार म्हणजे बॅटरीच्या पेटींतील संरक्षक पट्टी, तिला बी.एम.एस. म्हणतात. चारांपैकीं एक घट ओसंडून भरला व बाकीचे रिते राहिले, तरी एकूण दाब बरोबर दिसूं शकतो. म्हणून ही पट्टी प्रत्येक घट निराळा पाहते व वेळीं प्रवाह तोडते. तिसरा राखणदार फ्यूज. घट जादा भरत असतां प्रवाह नेहमींइतकाच असतो, त्यामुळें फ्यूज तेथें निश्चल बसतो. सारांश, फ्यूज हा तारेचा राखणदार आहे, घटाचा नव्हे. फ्यूज आहे म्हणून पट्टीवांचून बॅटरी वापरणें हें खारबांधाच्या भरंवशावर उघाडीस झडप न लावण्यासारखें आहे.

आतां निवड एका उदाहरणानें पाहूं. लोह-फॉस्फेटच्या चार घटांची, १२.८ व्होल्ट व ५० अँपिअर-तासांची बॅटरी घेतली. चार्जरची मर्यादा ४ × ३.६५ म्हणजे १४.६ व्होल्ट असावी. तो २० अँपिअर देतो असें समजूं. फ्यूज चालू प्रवाहाच्या सव्वापट घ्यावा, म्हणजे २५ अँपिअर. आणि तारेची वाहण्याची शक्ति त्याहून अधिक असावी. ६ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार यास पुरते. त्याऐवजीं १.५ ची बारीक तार लावली, तर फ्यूज वितळण्यापूर्वीं तारच तापूं लागेल.

एवढ्यानें काम संपत नाहीं. बॅटरीचा आंतील व तारेचा मिळून रोध ०.०१ ओहम असला, तर दोन तारा एकमेकींस भिडतांच १२.८ ÷ ०.०१ म्हणजे १२८० अँपिअर प्रवाह धांवेल. मोटारींतील पात्याचा फ्यूज बहुधा १००० अँपिअरपर्यंतच सुरक्षितपणें तोडतो. म्हणून फ्यूजवर तोडण्याची शक्ति किती लिहिली आहे तें पाहावें व ती या हिशेबाहून मोठी असेल असाच घ्यावा. घरच्या विजेचा प्रवाह सेकंदास १०० वेळां शून्यावर येतो, त्यामुळें तोडतांना ठिणगी विझते; बॅटरीचा प्रवाह एका दिशेचा असल्यानें ती विझत नाहीं. यास्तव फ्यूज अथवा एम.सी.बी. यावर 'डी.सी.' असें लिहिलेलें व पुरेसा दाब नमूद केलेला असावा.

फ्यूज बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतरांत बसवावा. तो चार्जरकडील टोकास असला, तर मधली तार उघडीच राहते.

खाडीकांठीं आणखी एक शत्रु आहे, तो म्हणजे खारा वारा. जोड गंजून तेथें ०.१ ओहम रोध वाढला, तर २० अँपिअर प्रवाहास ४० वॅट उष्णता एकाच जागीं उत्पन्न होते. प्रवाह न वाढल्यानें फ्यूज मात्र वितळत नाहीं. म्हणून कथिल चढविलेलीं टोकें वापरावीं व पावसाळ्यापूर्वीं व नंतर प्रत्येक जोड आवळून पाहावा. चार्जर घरच्या विजेवर असेल, तर त्या बाजूस एम.सी.बी., ३० मिलिअँपिअरचा गळतीरोधक व विजेचा कडकडाट होणाऱ्या या प्रदेशांत लाट-रोधक, चांगल्या अर्थिंगसह लावावा.

शेवटीं एकच विनंति. फ्यूज वितळला, तर त्याजागीं तार गुंडाळण्याची खोड सोडावी. फ्यूज वितळणें हा तक्रारीचा आवाज आहे. आधीं कारण शोधावें, मग तितक्याच अँपिअरचा व तितक्याच तोडशक्तीचा नवा फ्यूज घालावा. वर्षाची वैरण व दावणीचे बैल यांपुढें नव्या फ्यूजची किंमत ती काय!