घाटमाथ्यावरून शिडाचा अभ्यास

निपाणीहून समुद्र दिसत नाही, बेळगावहूनही नाही. तरीदेखील मराठीत आरमारावर लिहिलेले सर्वांत प्रसिद्ध प्रकरण आपल्या शेजारच्याच मुलखातील आहे. रामचंद्रपंत अमात्यांचे 'आज्ञापत्र' अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात, करवीरकर छत्रपती संभाजी यांच्या कारकिर्दीत सिद्ध झाले. पंतांच्या घराण्याची जहागीर बावड्याची, म्हणजे कोल्हापूरच्या पलीकडे घाटमाथ्यावरची. या मुत्सद्द्याने आरमाराचा विचार मोठ्या बारकाईने केला आहे. गुराबा फार थोर नकोत व फार लहानही नकोत. वाऱ्यावाचून जी जहाजे निरुपयोगी होतात ती बांधण्याच्या भरीस पडू नये. तुफानाचे दिवस येण्यापूर्वीच आरमार सुरक्षित बंदरी छावणीस न्यावे, पण दरवर्षी एकाच बंदरी नव्हे. लाकडाकरिता रयतेची आंब्याफणसाची झाडे तोडू नयेत, ही आज्ञा तर आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत.

गेली तीन वर्षे मी फावल्या वेळात जुन्या ग्रंथांवरून शिडाच्या होडीची दोरबांधणी शिकत आहे. या अभ्यासात 'आज्ञापत्रा'कडे मी पुनःपुन्हा वळलो आणि दर वेळी एकच गोष्ट जाणवली. आरमार कसे राखावे हे त्यात आहे, पण शीड कसे चढवावे, दोर कोठे व कोणत्या गाठीने बांधावा याविषयी त्यात काही नाही. त्यात पंतांना दोष देता येणार नाही. ते राज्यकारभाराविषयी लिहीत होते. गाठी ज्यांच्या बोटांत होत्या त्या कोळी, भंडारी, दालदी खलाशांनी लेखणी हाती धरली नव्हती.

संस्कृताकडे गेलो तर तेथेही थोड्याफार फरकाने हाच अनुभव येतो. भोजाच्या नावावर असलेल्या 'युक्तिकल्पतरु' या ग्रंथात नौकांचे 'सामान्य' आणि 'विशेष' असे वर्ग केले आहेत. सामान्य वर्गात दहा प्रकार. सर्वांत लहान 'क्षुद्रा' १६ हात लांब, तर सर्वांत मोठी 'मंथरा' १२० हात लांब, ६० हात रुंद आणि ६० हात उंच! लांबीच्या निम्मी रुंदी आणि तितकीच उंची असलेले जहाज वाऱ्यावर कसे चालेल, हा प्रश्न गणिताच्या विद्यार्थ्यालाही पडावा. राधाकुमुद मुखर्जी यांनी १९१२ साली आपल्या नौकानयनावरील इंग्रजी ग्रंथात या वर्गीकरणाकडे लक्ष वेधले, तेव्हापासून त्याचा अभिमानाने उल्लेख होतो. मला मात्र हे वर्गीकरण धक्क्यावर नव्हे, पाठशाळेत झालेले वाटते. दोरांविषयी येथेही मौनच आहे.

हाताने करण्याच्या कामाचे पाठ मिळतात ते इंग्रजी पुस्तकांत. डार्सी लीव्हर याने १८०८ साली तरुण नौका-अधिकाऱ्यांसाठी एक सचित्र पुस्तक काढले. त्यात डोलकाठी उभी करण्यापासून शीड गुंडाळण्यापर्यंत प्रत्येक दोराची वाट चित्राने दाखविली आहे. गाठींसाठी क्लिफर्ड अ‍ॅशली याचा १९४४ चा ग्रंथ. त्यात ३८०० हून अधिक क्रमांकित नोंदी आहेत. आपण पोत्याचे तोंड बांधताना मारतो ती साधी दुहेरी गाठ दोन दोर जोडण्यासाठी वापरू नका, तिने पुष्कळांचे प्राण घेतले आहेत, असे अ‍ॅशली बजावतो. ती गाठ शीड आवळण्यापुरती ठीक. पण भार एका अंगाने आला की उलटते आणि निसटते. दोन हात सुतळी घेऊन हे कोणालाही पडताळून पाहता येईल.

या गाठी शिकताना मला आपल्या भागाचा अनपेक्षित उपयोग झाला. मराठीत 'निरगाठ' आणि 'सुरगाठ' हा भेद जुनाच आहे. एक सुटू नये म्हणून, दुसरी ओढताच सुटावी म्हणून. बैलाच्या गळ्यात दावे बांधताना शेतकरी सरफास घालत नाही, न आवळणारा फास घालतो. खलाशी माणसाला दोराने खाली सोडताना असाच न आवळणारा फास वापरतो. निपाणीच्या बाजारात तंबाखूच्या बोदांवर किंवा उसाच्या गाडीवर दोर ताणताना पाहा. गडी दोराच्या मध्ये एक फास काढतो, टोक खालच्या आकड्याला अडकवून पुन्हा त्या फासातून घेतो आणि खाली खेचतो. भौतिकशास्त्राच्या हिशेबाने ही कप्पीच झाली. फासावर दोराचे तीन पदर खाली ओढतात, म्हणून हाताच्या जोराच्या तिप्पट ताण भारावर यावा. घर्षणाने त्यातला बराच भाग जातो, ही गोष्ट वेगळी.

मात्र लीव्हरचे पुस्तक जसेच्या तसे आपल्या मचव्याला लावू गेल्यास काम अडते. त्याची जहाजे चौकोनी आडव्या शिडांची. त्यांची डोलकाठी दोन्ही बाजूंनी डांबर दिलेल्या तणाव्यांनी कायमची जखडलेली असते. पश्चिम किनाऱ्यावरचे शीड तिरपे. ते ज्या लांब वाशाला बांधतात तो परबाण डोलकाठीवर तिरका टांगलेला असतो. वाऱ्याची बाजू बदलली की परबाण उभा करून डोलकाठीच्या पुढून पलीकडे न्यावा लागतो. म्हणून येथे तणावे वाऱ्याच्या बाजूचे तेवढे ताणतात, दुसऱ्या बाजूचे सैल सोडतात. शीड चढवण्याचा जाड दोरही मागे वाऱ्याच्या अंगाला बांधून त्यालाच तणाव्याचे काम देतात. मी बांबूची पाच फुटी प्रतिकृती केली आहे. जुन्या धोतराचे शीड आहे. तिचे दोन्हीकडचे तणावे आवळून दाखवले की परबाण अडतो आणि विद्यार्थ्यांना सारे एका क्षणात उमगते. असे शीड वळवताना नाळ वाऱ्यातून न नेता पाठ वाऱ्याकडे करून वळसा का घेतात, तेही तेथेच कळते. अ‍ॅलन व्हिलियर्स याने १९३८-३९ साली कुवेतच्या जहाजावर राहून ही कामे पाहिली आणि १९४० च्या पुस्तकात नोंदली. परंतु तो अरब खलाशांविषयी लिहितो. मालवण-वेंगुर्ल्याचा तांडेल तेच काम कसे करी, ते कोणते पुस्तक सांगणार?

पुस्तकच नसेल तर काय करावे लागते, याचे अलीकडचे उदाहरण 'कौंडिण्य' हे नौदलाचे जहाज होय. अजिंठ्याच्या पाचव्या शतकातील चित्रावरून ते गोव्यात बांधले गेले. आराखडा उपलब्ध नव्हता. फळ्या खिळ्यांनी न ठोकता काथ्याच्या दोरीने शिवल्या. ती शिवण केरळच्या कारागिरांनी केली, कारण ती कला त्यांच्या हातात अजून शिल्लक होती. २१ मे २०२५ रोजी आपल्या राज्यातील कारवार येथे ते नौदलात दाखल झाले. २९ डिसेंबरला पोरबंदरहून निघून १४ जानेवारी २०२६ रोजी ते मस्कतला पोहोचले. त्याच्या शिडांवर कदंबांशी नाते सांगणारा गंडभेरुंड आहे, हे कन्नड विभागातील माझ्या स्नेह्यांनी मला दोनदा ऐकवले.

त्याच स्नेह्यांबरोबर मी एक शब्दयादी करीत आहे: शीडला 'हायि', दोराला 'हग्ग', गाठीला 'गंटु'. मोल्सवर्थच्या १८५७ च्या कोशात खलाशांचे अनेक मराठी शब्द आहेत, पण शब्दावरून हाताची हालचाल कळत नाही. मचव्यांना यंत्रे बसली. शिडावर उमेदीची वर्षे काढलेले तांडेल आता म्हातारे झाले आहेत. आपल्या वर्गात अनेकांचे आजोळ कोकणात आहे. दिवाळीच्या सुट्टीत जाल तेव्हा वहीबरोबर दोन हात दोरही न्या. परबाण फिरवताना प्रथम कोणता दोर सोडत, तो कोण धरी, रात्री अंधारात तो कसा ओळखत, एवढे विचारा आणि दोर त्यांच्या हातात द्या. त्यांची बोटे काय करतात ते पायरीपायरीने रेखाटून आणलेत, तर ते कागद मला हवे आहेत.