वसंत देसाई

(मराठी आणि हिंदी चित्रपटांचे एक नामवंत संगीतकार म्हणजे वसंत देसाई. त्यांच्या जीवनाची आणि कार्याची ओळख या पाठात करून दिली आहे.)

शाळा उमरग्याची असो की मुंबईची, सकाळी घंटा झाली की मुले रांगेत उभी राहतात. प्रार्थना सुरू होते. अनेक शाळांत 'दो आँखें बारह हाथ' या हिंदी चित्रपटातील प्रार्थना म्हटली जाते. ती लता मंगेशकर यांनी गायिली, हे पुष्कळांना ठाऊक असते. पण तिला चाल कोणी लावली, असे विचारले तर सहसा उत्तर येत नाही. ती चाल वसंत देसाई यांची आहे.

गीतकार शब्द लिहितो आणि गायक गातो. त्या शब्दांना सूर आणि ताल देतो तो संगीतकार. तो पडद्यावर दिसत नाही. म्हणून त्याचे नाव लवकर विसरले जाते.

वसंत देसाई यांचा जन्म १९१२ साली कोकणात कुडाळजवळ झाला. १९२९ साली ते कोल्हापूरच्या 'प्रभात' फिल्म कंपनीत दाखल झाले. तेथे त्यांनी पडेल ते काम केले. लहान भूमिका केल्या, गाणी म्हटली. संगीतकार गोविंदराव टेंबे यांच्या हाताखाली काम करताना ते चाल बांधायला शिकले. उस्तादांकडे तालीम घेतली आणि नेमाने रियाज केला. पुढे व्ही. शांताराम यांनी मुंबईत 'राजकमल' ही संस्था काढली. तिच्या 'शकुंतला' (१९४३) या चित्रपटाच्या संगीताने वसंत देसाई यांचे नाव झाले.

शास्त्रीय संगीत सामान्य माणसालाही आवडेल, असा त्यांना विश्वास होता. 'झनक झनक पायल बाजे' (१९५५) या चित्रपटासाठी त्यांनी उस्ताद अमीर खाँ यांना गायला लावले. 'गूँज उठी शहनाई' (१९५९) हा एका सनईवादकाच्या जीवनावरचा चित्रपट. त्यासाठी उस्ताद बिस्मिल्ला खाँ यांनी सनई वाजवली. जे संगीत मैफलीत मोजके लोक ऐकत, ते चित्रपटामुळे गावोगावी पोहोचले.

'दो आँखें बारह हाथ' हा चित्रपट १९५७ साली आला. एक जेलर सहा कैद्यांना तुरुंगाबाहेर नेतो आणि माणुसकीने वागवून त्यांना सुधारतो, अशी त्याची कथा आहे. दोन डोळे जेलरचे आणि बारा हात कैद्यांचे! त्यातील प्रार्थना भरत व्यास यांनी लिहिली. ती साध्या माणसांच्या तोंडी शोभायला हवी होती. म्हणून वसंत देसाई यांनी तिच्यात अवघड ताना घातल्या नाहीत. चाल संथ ठेवली. त्यामुळे ती प्रार्थना सर्वांना मिळून म्हणता येते. प्रत्येक धर्माची मुले ती म्हणतात. 'गुड्डी' (१९७१) या चित्रपटातही शाळेची प्रार्थना आहे. तिचे शब्द गुलजार यांचे, चाल वसंत देसाई यांची. तीही अनेक शाळांनी आपलीशी केली.

१९६६ साली एम. एस. सुब्बुलक्ष्मी यांनी संयुक्त राष्ट्रसंघात विश्वमैत्रीचे एक संस्कृत गीत गायिले. त्याची चालही वसंत देसाई यांनीच बांधली होती. इतका मोठा संगीतकार शाळेतल्या मुलांसाठी मात्र आवर्जून वेळ काढी. त्यांनी हजारो मुलांना समूहगान शिकवले. समूहगानात कोणी एकटा पुढे पळत नाही. शेजाऱ्याचा सूर ऐकून आपला सूर त्यात मिळवावा लागतो.

२२ डिसेंबर १९७५ रोजी मुंबईत लिफ्टच्या अपघातात वसंत देसाई यांचे निधन झाले. ज्यांना त्यांचे नाव माहीत नाही, अशी मुलेही आज त्यांची चाल गातात.

शब्दार्थ
चाल – गाण्याची धून. तालीम – शिक्षण, सराव. मैफल – गाणे ऐकण्यासाठी जमलेली मंडळी. संथ – सावकाश. समूहगान – अनेकांनी मिळून गायिलेले गाणे.

स्वाध्याय
१. गीतकार, संगीतकार आणि गायक यांची कामे सांगा.
२. 'दो आँखें बारह हाथ' या नावाचा अर्थ लिहा.
३. कारण लिहा : प्रार्थनेत अवघड ताना घातल्या नाहीत.
४. 'तालीम', 'रियाज', 'उस्ताद' हे शब्द मराठीत आणि उर्दूतही आहेत. असे आणखी पाच शब्द शोधा.
५. तुमच्या शाळेत म्हटल्या जाणाऱ्या गीताचे कवी व संगीतकार कोण, ते शिक्षकांना विचारून लिहा.